मुलीच्या खात्याचा पासवर्ड

माझ्या मुलीच्या विद्यापीठाचा पासवर्ड माझ्याकडे होता, कारण तिचा फॉर्म मीच भरला होता. आपल्याकडे मुलांचे फॉर्म आईबापच भरतात, त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. आम्ही स्टुटगार्टला राहतो, माझं ऑफिस जवळच्याच गेर्लिंगेन गावात. घराजवळ चांगलं शिकता आलं असतं, पण बाईसाहेबांना कॅनडातलं ते जुनं, दगडी इमारतींचं, वेलींनी झाकलेलं विद्यापीठच हवं होतं. "जा बाई," म्हटलं, "पण कॉम्प्युटर सायन्स घे." तिने घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दर रविवारी दुपारी फोन. मी मराठीत विचारायची, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, लहानपणापासून आमचं असंच. खोलीतला हीटर ठकठक वाजतो, मेसमधलं सूप पाणचट असतं, रूममेट हॉकीचे ओले बूट खिडकीत वाळत घालते, सगळं कळायचं. अभ्यासाचं विचारलं की "गूट", म्हणजे छान, एवढंच. मला तेवढं पुरायचं. दिवसभर मीटिंगा करून घरी आलेल्या बाईला आणखी काय हवं असतं?

त्यांच्याकडची एक पद्धत मात्र माझ्या डोक्यात कधी शिरली नाही. पहिली दोन वर्षं हवे ते विषय घेऊन बघायचे आणि मग मुख्य विषय ठरवायचा. घेऊन बघायचे? साडी आहे का ती? पुण्यात माझ्या ॲडमिशनच्या वेळी खिडकीपलीकडच्या माणसाने "कुठली ब्रँच?" असं विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत बाबा "कॉम्प्युटर" म्हणून मोकळे झाले होते. मला काय हवं होतं ते आज आठवतही नाही. वाईट काही झालं नाही. फक्त दमायला होतं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिने एक फोटो पाठवला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कपाळाला चिखल, हातात फावडं, आणि हसू तर या कानापासून त्या कानापर्यंत. प्रोग्रॅमिंगचा एक विषय सोडून तिने मृदाशास्त्र घेतलं होतं. दर शुक्रवारी व्हॅनमधून शेतांवर, दलदलीत जायचं, खड्डा खणायचा, मातीचे थर बघायचे. त्या रविवारी ती पंचवीस मिनिटं एकटीच बोलत होती. कुठल्या थराचा रंग कसा, ओली माती बोटांत चोळली की काय काय कळतं. इतकी बडबड तिने कित्येक वर्षांत केली नव्हती. आणि मी मेली काय ऐकत होते? तर हिला पुढे नोकरी कोण देणार!

"अगं, तिचं तिला ठरवू दे ना," हे म्हणाले.

"अहो, तुम्ही गप्प बसा. फॉर्म भरताना कुठे होतात?"

विषय बदलायची शेवटची तारीख माझ्या कॅलेंडरमध्ये होती, तिच्या कॅलेंडरमध्ये असेल-नसेल. त्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये मसूर आणि श्पेट्झले, म्हणजे इथल्या जाड शेवया, अशी थाळी पुढ्यात घेऊन मी मोबाइलवर तिचं खातं उघडलं. प्रोग्रॅमिंग परत घालायला गेले तर वेळ जुळेना, दोन्ही तास शुक्रवारीच. एकच ठेवा म्हणे. मी मृदाशास्त्र काढलं, प्रोग्रॅमिंग घातलं. मग जेवले आणि मीटिंगला गेले. ओरडेल एकदा, ऐकून घेऊ, असा हिशेब होता.

ती ओरडली नाही. रविवारी फोन आला, हीटरचं सांगितलं, सुपाचं सांगितलं. पुढच्या रविवारीही तेच. चिखलाचा फोटो मात्र परत आला नाही. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, बघा, आली की नाही गाडी रुळावर.

नाताळच्या सुट्टीत ती घरी आली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्यांना कांदा चिरत होते. ती समोर बसली आणि जर्मनमध्ये, अगदी शांतपणे सांगायला लागली. मी विषय बदलला त्यानंतरच्या शुक्रवारी ती बूट घालून व्हॅनपाशी गेली होती. नावं पुकारली गेली, त्यात तिचं नव्हतं. व्हॅन निघून गेली. यंत्रणेचा घोटाळा समजून ती तशीच कचेरीत धावली, तिथल्या बाईशी वाद घातला. बाईंनी शेवटी स्क्रीनच तिच्याकडे फिरवला. बदल तिच्याच खात्यातून झाला होता, पहाटे पावणेसातला. त्या वेळी ती झोपलेली असते. त्या वेळी इथे पाऊण वाजलेला असतो, माझी जेवणाची सुट्टी. तिची जागा रांगेतल्या दुसऱ्या कुणाला गेली होती. तो विषय वर्षातून एकदाच असतो आणि त्याच्याशिवाय पुढचे मिळत नाहीत. म्हणजे तिचं एक वर्ष मी जेवता जेवता खाल्लं होतं.

सुरी हातातच राहिली. आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "मग पासवर्ड का नाही बदललास?"

"बदलणारच होते," ती म्हणाली. "मग वाटलं, रविवारी तू सांगशील. त्या रविवारी नाही सांगितलंस. मग पुढच्या. मी दर रविवारी वाट बघत होते, आई."

कचेरीतल्या बाईंना तिने आपलीच चूक म्हणून सांगितलं होतं, सॉरीसुद्धा म्हणाली होती. माझ्याऐवजी.

तुझ्या भल्यासाठीच, हे शब्द ओठांवर आले होते, आयुष्यभर हाताशी असलेले. ते मी गिळले. तिने सुरी माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली, आणि कित्येक वर्षांनी माझ्याशी मराठीत बोलली.

"आता सांग. काय केलंस ते तू सांग."

"तू झोपली होतीस," मी म्हटलं, "आणि मी तुझा विषय काढून टाकला."