कोर्टाच्या दारातल्या चपला

बारावीच्या निकालानंतर मामांनी मला तालुक्याच्या कोर्टात नेलं. ते तिथे वकिली करतात. "सरळ पाच वर्षांच्या लॉला जा. आधी राज्यशास्त्रात बीए, मग लॉ, हा द्राविडी प्राणायाम कशाला?" असं त्यांचं म्हणणं. मामा पटवण्यात वाकबगार. मला जवळजवळ पटलंही होतं.

तेवढ्यात समोरच्या दारात पुकारा झाला. एक म्हाताऱ्या बाई बाकावरून लगबगीने उठल्या, उंबऱ्याशी थबकल्या आणि चपला काढून त्यांनी भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

"आजी, घाला चपला. देऊळ नाही हे," शिपाई म्हणाला.

"असू दे बाबा. आत साहेब बसलेत." आणि त्या अनवाणीच आत गेल्या.

मी त्या टाचा झिजलेल्या चपलांकडे बघत राहिले. आत जमिनीचा वाद होता; कायदा बाईंना त्यांची जमीन देईलही. पण चपला काढायला त्यांना कुठल्या कलमाने लावलं? तसं कलमच नाही. खुर्चीत कोणी बसायचं आणि दारात कोणी वाकायचं, हे कायदा लिहिण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. ते कोणी ठरवलं आणि मोडायचं कसं, हे मला आधी शिकायचं होतं.

"मी राज्यशास्त्रच घेणार," मी मामांना म्हटलं. "लॉ त्यानंतर. एक वर्ष जास्त गेलं तर जाऊ दे."

"असं काय शिकवणार आहेत त्यात?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. "माझे पक्षकार चपला घालूनच आत येतील, मामा."