मेणावरचे मार्क

माझी मावशी दात बनवते. स्वतःचे नव्हे, लोकांचे. अकरा डेंटिस्ट तिच्याकडे मापं पाठवतात आणि ती मागच्या खोलीत बसून गुलाबी मेणात एकेक दात उभा करते.

काम करताना तिला गाणी लागतात, आणि तीही कुठलीही चालत नाहीत. ज्यांच्या पाठीशी कंपनी नाही, जे आपल्याच खोलीत गाऊन, आपणच रेकॉर्ड करून बाहेर सोडतात, अशा इंडी मंडळींचेच अल्बम हवेत. वर्ष संपताना त्यातल्या आवडत्या दहांची यादी करते आणि कवळ्यांच्या डब्यांसोबत सगळ्या डेंटिस्टांना पाठवते. ते बिचारे मुकाट्याने दवाखान्यात लावतात. पेशंटचं तोंड उघडं असतं, तक्रार कोण करणार?

नियम मात्र कडक. अल्बम तीन वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, एकही गाणं गाळायचं नाही. दहापैकी मार्क ती मेणाच्या पट्टीवर सुरीच्या टोकाने कोरते. मत बदललं की पट्टी जरा गरम केली, अंगठा फिरवला, झालं. कागदावर उतरतं ते शेवटच्या रविवारी.

मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि गातो. गातो हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. यंदा आठ गाणी रेकॉर्ड केली, वर खोटं नाव लावलं आणि "ओळखीच्या एकानं पाठवलंय गं" म्हणत मावशीच्या फोनवर ढकलून दिली. मनाशी ठरवलं होतं, यादीत आलो तर गात राहायचं, नाहीतर गिटार माळ्यावर. हसू नका, माळ्यावर जागाही करून ठेवली होती.

मग दर दोन दिवसांनी तिच्याकडे चकरा सुरू.

"काय गं, ते नवीन कसंय?"

"ऐकतेय. तुझं काय नडलंय?"

पट्टीवर चोरून नजर टाकली तर सहा. पुढच्या खेपेला साडेसात! जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो. तिसऱ्या खेपेला पट्टी सपाट. मार्कच पुसलेले. माझा जीव अर्धा झाला.

शेवटच्या रविवारी सकाळी गेलो तेव्हा यादी लिहून होत आली होती. आठ नावं होती, दहावंही होतं, मधली नववी ओळ कोरी.

"ही का सोडलीस?" जमेल तितका भोळा चेहरा करून मी विचारलं.

"या गवय्याचा प्रत्येक 'स' शिट्टी मारतो. म्हटलं, पुढचा दात केसभर लांब बसलाय याचा. कुठल्या ठोंब्याने बनवला असेल?" तिने चष्मा कपाळावर चढवला. "दोन दिवसांनी आठवलं. मीच बनवलाय. गेल्या वर्षी तू लिफ्टच्या दारावर तोंड फोडून घेतलंस तेव्हा."

मेलो! तोंड घट्ट मिटून घेतलं. आता दात लपवून काय उपयोग होता, देव जाणे.

"म्हणून मार्क पुसलेस?"

"शिट्टीचा अर्धा कापला होता, तो परत दिला. चूक माझी आणि मार्क तुझे कापायचे? आठ झाले. पण खोट्या नावाचा माणूस माझ्या यादीत येत नाही. एवढी लाज वाटते तर गातोस कशाला रे गधड्या?"

आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी नाव लिहिलं, आडनावासकट. मावशीने वाचलं, पेन परत घेतलं, एक बाण काढून मला दहाव्यावर ढकललं आणि दहाव्याला वर घेतलं.

"हे काय गं आता?"

"नववा होता तो परका माणूस. घरच्याला एक पायरी कमी."

असा संताप आला म्हणून सांगू! अर्धा तास भांडलो. माझं चौथं गाणं त्या दहाव्याच्या अख्ख्या अल्बमला भारी आहे, हे पटवायला मी दारात उभा राहून ते सगळं म्हणून दाखवलं, चांगलं खड्या आवाजात. शेजारची काकू, खालचा इस्त्रीवाला, सगळे माना वर करून बघत होते. मावशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि यादी डब्यांत घालायला सुरुवात केली. मी दहावाच राहिलो.