सांडशीकाका आणि रंगखात्याची काच

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना सांडशीकाका म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या बोटांनी कमावलं होतं. उकळत्या हौदातून नमुन्याची चिंधी काढायला लोखंडी चिमटा ठेवलेला असे. बाकीचे रंगारी तो वापरत. काका नुसता हात घालत. वाफेत दोन बोटं जात, चिंधी घेऊन बाहेर येत, आणि काका ती खिडकीशी धरून सांगत, "अजून कच्चा आहे." नवखा कोणी "अरे बापरे!" म्हणाला की काका गालात हसत. त्यांची बायको सांगायची, "लग्नात मला सांडशी मिळाली नाही, नवराच मिळाला. दूध उतू जायला लागलं की मी ओट्याकडे धावत नाही, यांना हाक मारते."

तर अशी ती बोटं. क्षार, वाफ आणि रंग खाऊन खाऊन टोकं अशी झाली होती की त्यावर काडी ओढली असती तर पेटली असती. काकांना त्यांचा कोण अभिमान! आणि पुढे जे घडलं ते त्या अभिमानामुळेच.

एके दिवशी हौदांवरची जुनी फिरवायची चाकं आणि दट्टे निघाले. प्रत्येक हौदाच्या पोटात उष्णता मोजणारी सळई बसली, नळांना आपोआप उघडणारी तोंडं आली, आणि या सगळ्यांचा मेंदू म्हणून भिंतीवर एक काळी काच लागली. पॅनेल. ते शिकवायला एक मॅडम आल्या होत्या, हसऱ्या आणि भराभर बोलणाऱ्या. "बटण म्हणजे आता चित्र आहे. नुसतं बोट टेकवायचं. जोर नाही लावायचा." एकेकानं पुढे होऊन बोट टेकवलं. काच उजळली, हौदाचं चित्र आलं, पोरं टाळ्या पिटायला लागली.

"आता काका! काका सगळ्यात जुने, पॅनेल त्यांच्याच हाती राहणार," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे रंगखात्याचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत जन्मला होता.

काकांनी बोट टेकवलं. काच ढिम्म. पुन्हा टेकवलं. ढिम्म. तिसऱ्यांदा टेकवताना त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, घाबरवू नका तिला!" हशा झाला. काकाही हसले आणि मागे सरले. "कळलं, कळलं. मी करतो नंतर सावकाश."

त्यांना काय कळलं होतं? घरी सुनेच्या फोनचंही असंच होई. काका बोट फिरवत, फोन झोपलेलाच. तेव्हा ते म्हणत, "मला नको ती थेरं." मनात मात्र पक्कं बसलं होतं की काचेला माणूस ओळखता येतो. गावच्या शाळेत चार बुकं शिकलेला कोण आणि पुढे गेलेला कोण, हे तिला स्पर्शातच समजतं. हा वेडेपणा होता, पण लाजेच्या पोटात शहाणपण कधी टिकलंय? मॅडमना विचारलं असतं तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. काकांनी विचारलं नाही. ज्या बोटांचं आयुष्यभर कौतुक झालं, ती चालत नाहीत हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

काही दिवस त्यांनी ढकलले. कधी "माझे हात ओले आहेत, तू दाब रे," तर कधी "तू कर, मी बघतो, तुलाही सवय होईल." मग एकदा दोन्ही हातांत ओले नमुने घेऊन ते पॅनेलवरचे आकडे वाचायला वाकले आणि नाकाचा शेंडा काचेला लागला. टक्! हौदाचं चित्र उघडलं.

काका दचकले. मागे पाहिलं. कोणी नव्हतं. पुन्हा नाक टेकवलं. टक्!

त्या दिवसापासून रंगखातं काकांच्या नाकावर चालू लागलं. इकडे तिकडे बघायचं, वाकायचं, टेकवायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटे की काका वाचताहेत. एक रंगारी म्हणाला, "काका, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा." दुसरा म्हणाला, "नंबर कसला, नमस्कार करतात ते मशीनला. श्रद्धा आहे!" काका "हो हो" म्हणत. इतक्या वर्षांचा कसबी माणूस कोंबडीसारखा काचेला टोचे मारतोय, हे मात्र त्यांचं त्यांनाच बघवत नसे.

आता नाक म्हटलं की घाम आला, तेल आलं. काचेवर गोल गोल डाग पडू लागले. मॅडम पाहणीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "पॅनेल किती चिकट झालंय! इथे कोणी पुसत नाही का?" साहेबांनी लगेच सफाईवाल्या मावशींना हाक मारली आणि रोज दोन्ही पाळ्यांना काच पुसायला सांगितलं.

मावशी म्हणजे तिखट प्रकरण. फडकं फिरवता फिरवता त्यांचं तोंडही फिरे. "झाडून सारा कारखाना चकाचक, आणि या एवढ्याशा काचेवर रोज कोण तेल ओततं देव जाणे! दादा, तुम्ही तर इथेच असता, पकडा ना त्या मेल्याला एकदा."

"बघतो," दादा म्हणत. दादा म्हणजे काकाच. आणि मावशींची पाठ वळेपर्यंत चिंधी न्याहाळत राहत.

असं ते चाललं असतंही. पण एका दुपारी हौदात फिक्या निळ्या रंगाचं कापड होतं, दवाखान्यातल्या कपड्यांचं. फिका रंग फार नाजूक, थेंब जास्त झाला की गेलाच. मावशी काच पुसून पुढच्या दालनात गेल्या. काकांना हौदाची उष्णता थोडी थांबवायची होती. ते वाकले. 'थांबा'च्या शेजारीच 'रंग सोडा' होतं. बोट बारीक असतं, नाक काही बारीक नसतं. काचेनं विचारलंही, 'नक्की?' पण नाक काचेला लागलं असताना अक्षरं कोणाला वाचता येतात? मागे पावलं वाजली म्हणून काकांनी घाईनं आणखी एकदा टेकवलं. काचेनं ते 'हो' धरलं.

हौदात रंगाचा दुसरा लोट उतरला. कळेपर्यंत सगळा गठ्ठा डागाळला होता, कुठे गडद, कुठे फिका, पावसाळी आभाळ फाटावं तसा.

साहेब धावत आले. "कोणी दाबलं? पॅनेलला कोणी हात लावला?"

"आत्ता मावशींनी पुसलं होतं," कोणीतरी म्हणालं. त्यात त्याचा काही दुष्टावा नव्हता, दिसलं तेच त्यानं सांगितलं.

"ओलं फडकं! चालू मशीनवर ओलं फडकं घासता? बटण दाबलं गेलं की!"

"मी पुसलं तेव्हा काही हललं नाही, साहेब," मावशी म्हणाल्या. "मी फडकं घट्ट पिळून हलक्या हातानं पुसते, मॅडमनी दाखवलं तसं. दादा, तुम्ही इथेच होतात ना? सांगा की यांना."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी हातातल्या चिंधीकडे पाहिलं.

"मी... नमुना बघत होतो," ते म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

एवढंच. मावशींनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग वाद घातलाच नाही. साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मावशींनी बादली कोपऱ्यात ठेवली, फडकं पिळून पॅनेलखालच्या दांडीवर वाळत घातलं आणि निघून गेल्या. जाणाऱ्या माणसाला फडकं वाळत घालायचं सुचतं, याचंच काकांना नंतर पुन्हा पुन्हा नवल वाटत राहिलं.

घरी ताटावर बसले, भात नुसताच कालवत राहिले. बायकोनं विचारलं, "पोटात दुखतंय का?" काका नाही म्हणाले, मग हो म्हणाले, मग घडलेलं सगळं ओकले.

"नाकानं?" बायकोला हसू फुटलं, पदर तोंडावर गेला. "अहो, नाकानं? रोज?" आणि हसता हसताच ती गप्प झाली. "आणि मावशी?"

"साहेबांनी घरी पाठवलं."

"तुमच्यासमोर?"

काकांनी मान खाली घातली.

"आजवर हात पोळला तर सांगत नव्हतात, मी म्हटलं असू दे, पुरुषी मिजास आहे," ती ताट उचलत म्हणाली. "पण या वेळी तुमचा हात नाही पोळलेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम पॅनेल तपासायला आल्या होत्या, साहेब शेजारी उभे होते, पाळीचे सगळे रंगारी घोळका करून होते. काका सरळ त्यांच्यात गेले.

"मावशींनी नाही दाबलं. मी दाबलं."

साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "काका, काका. तुमचं मन मोठं आहे, मला माहीत आहे. पण एका बाईची नोकरी वाचवायला तुम्ही खोटं अंगावर घेऊ नका. तुमचा हात चुकेल का कधी?"

"देवमाणूस आहेत काका," मागून कोणी म्हणालं. एकानं तर पाठीवर हात ठेवला.

खरं तर बोलून झालं होतं, कोणी मानलं नाही तर त्यांचा काय दोष? सुटका दारात उभी होती, वर देवमाणूस म्हणून हारही घालत होती. तो क्षण आठवला की काकांना आजही पाणी प्यावं लागतं.

मग ते वळले, दोन्ही हात पाठीमागे बांधले, वाकले आणि सगळ्यांदेखत काचेला नाक लावलं. टक्! पुन्हा. टक्! हौदाचं चित्र उघडलं, मिटलं.

असा हशा उठला की पलीकडच्या दालनातले लोक दारात आले. काका वाकलेलेच राहिले. सरळ झालं की तोंडं दिसणार होती. हळूहळू हसू विरलं, कारण प्रत्येकाला आदल्या दुपारचं आठवलं.

फक्त मॅडम हसल्या नव्हत्या. त्यांनी काकांचं बोट धरून काचेवर टेकवलं. काहीच नाही. बोटाचं टोक चाचपून त्या म्हणाल्या, "ही काच कातडीतला ओलावा ओळखते, काका. तुमची कातडी जाड आणि सुकी आहे, हातमोजा घातल्यासारखी. त्यासाठी सोय असते यात." त्यांनी काचेवर तीन-चार ठिकाणी बोट फिरवलं. "आता दाबा."

काकांनी बोट टेकवलं. टक्.

"पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर..." मॅडम म्हणाल्या आणि पुढचं त्यांनी गिळलं.

निदान महिनाभराचं काम निघालं असतं, मोठं यंत्र आणावं लागलं असतं, तर काकांना बरं वाटलं असतं. एवढ्याशासाठी एका बाईची भाकरी पणाला लावली होती.

मावशींना बोलवायला ते स्वतःच गेले. गल्लीच्या टोकाची खोली. मावशी दारात बसून उसवलेली उशी शिवत होत्या. काका उभ्या उभ्याच सगळं बोलले.

"म्हणजे इतके दिवस मी तुमचं नाक पुसत होते?" मावशी म्हणाल्या. ओठाचा कोपरा हलला.

"हो."

"ते राहू द्या, त्याला मी हसेन, चार घरी सांगून हसेन. पण तुम्हाला विचारलं मी, दादा म्हणून विचारलं."

मावशींनी दोरा दातानं तोडला. "साहेबांना म्हणावं, मला घालवलं त्यांनी, तर बोलवायलाही त्यांनीच यावं."

साहेब गेले. हात जोडले की नाही ते कळलं नाही, पण मावशी आल्या. नाकाची गोष्ट त्यांनी खरोखरच चार घरी सांगितली, नक्कल करून सांगितली, आणि कारखान्यात आजही कोणी पॅनेलपाशी वाकलं की "सांभाळ रे, नाक!" अशी आरोळी उठते. काका ते हसून घेतात. काचही आता तेच पुसतात, घरून फडकं आणून, कोणी सांगितलेलं नसताना.

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आलेली नाही. मावशी झाडत झाडत पॅनेलपाशी येतात, काकांच्या स्टुलाजवळ थांबतात आणि अगदी अदबीनं म्हणतात, "साहेब, जरा पाय वर घेता?"

काका पाय वर घेतात.