काकूंची लेव्हल

पुण्यात आल्यावर पहिली अडीच वर्षं मी शनिवार पेठेत एका काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिले. जुनी इमारत पाडून तिथे नवी उभी राहिली होती, तिच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. एक खोली त्यांची, एक माझी. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी नाशिकला होती. काकूंनी एकतीस वर्षं पेठेतल्याच एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. लग्नपत्रिकांपासून कायद्याच्या जाडजूड पुस्तकांपर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं.

मी वर्ध्याची. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरात जाऊन मी विचारलं, "काय करून राहिल्या काकू?"

त्या पोळी लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोळ्या करते आहे. राहते मी इथेच, ते वेगळं."

मला त्या 'तुम्ही' म्हणत. चोवीस वर्षांच्या मुलीला कुणी 'तुम्ही' म्हटलं की तिला कळतं, आपल्याला अजून उंबऱ्यावरच उभं केलंय.

माझी नोकरी येरवड्याला, मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. मी टेस्टर होते. म्हणजे गेम खेळायचा, कुठे अडकतो, कुठे चुकतो ते लिहून द्यायचं. कंपनीत दोन टीम होत्या. एक गोळीबाराच्या गेमची, तिच्यात सगळी मुलं. दुसरी कोड्यांच्या गेमची. मी लहानपणापासून गोळीबाराचेच गेम खेळत आले होते, भावाच्या कॉम्प्युटरवर, मुलाचं नाव घेऊन आणि माइक बंद ठेवून. एकदाच माइक चालू केला होता. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "अरे, मुलगी आहे! भांडी घासून झाली का?" आणि पूर्ण खेळभर कुणी माझं एकही वाक्य ऐकलं नाही. त्यानंतर मी गप्पच खेळले, आणि बरं खेळले.

मुलाखतीत हे सगळं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. आमचा लीड, म्हणजे दोन्ही टीमचा प्रमुख, मनापासून खूश झाला. "ग्रेट! हार्डकोअर आहेस तू," म्हणाला. "पण मी तुला पझलवर टाकतो. तिथली आपली ऑडियन्स लेडीज आहे. तुला त्यांचं बरोबर कळेल."

मला काय कळणार होतं? पण नोकरी हवी होती.

आमच्या गेममध्ये रंगीत दोऱ्यांचा गुंता असायचा. ठरावीक चालींत एकेक दोरा ओढून तो सोडवायचा. मला तो खेळायचा कंटाळा यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची. पलीकडच्या टेबलावरची मुलं हेडफोन लावून आरडाओरडा करत असायची आणि मी गुलाबी-पोपटी दोरे ओढत बसलेली.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मी तोच गेम तपासत होते. नव्याण्णवावी लेव्हल होती आणि मी अर्धा तास अडकले होते. काकू ताटं उचलायला आल्या आणि माझ्या खांद्यामागे थांबल्या.

"तो हिरवा आधी काढा."

"हिरवा मोकळाच आहे काकू. त्याचं काही नाही."

"मोकळा नाही. निळा त्याच्याखालून गेलाय. दिसत नाही का तुम्हाला?"

मी हिरवा ओढला. चार चालींत सगळं सुटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःचा फोन माझ्यापुढे ठेवला. "घाला त्याच्यात ते काय आहे ते. बघते."

पुढचे सहा महिने काकू तो गेम खेळल्या. टाइमपास म्हणून नव्हे. सकाळची कामं आटोपली की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या, फोन चेहऱ्यासमोर न धरता जरासा डावीकडे धरायच्या, आणि एकाच गुंत्याकडे पाच-पाच मिनिटं नुसत्या बघत राहायच्या. बोट लावायच्या ते सगळं डोक्यात सुटल्यावरच. दोन चाली वाया गेल्या तर पूर्ण लेव्हल पुन्हा पहिल्यापासून. "सुटलं म्हणजे झालं असं नसतं," म्हणायच्या. आमच्या गेममध्ये कितीही चालींत सोडवलं तरी शाबासकी मिळायची. काकूंना त्या शाबासकीचा राग यायचा.

आणि त्या चुका काढायच्या. पाठकोऱ्या कागदांवर, प्रुफं तपासताना करतात तशा खुणा करून. बेचाळिसाव्या लेव्हलला पिवळा दोरा दोनदा गाठ घेतो. सत्तराव्याला उत्तरं दोन आहेत, एकच असायला हवं. मी तो कागद ऑफिसला नेऊन माझ्या अहवालात उतरवायचे. लीड एकदा म्हणाला, "तुझी नजर जबरदस्त आहे." मी थँक यू म्हटलं.

त्या दिवसांत कधीतरी काकू मला 'तू' म्हणायला लागल्या. कधीपासून ते नक्की आठवत नाही. एकदा मी घरी आले, तर दार उघडताच म्हणाल्या, "आलीस? एकशे बत्तीसला ये. बघ तुला जमतंय का." चपला पायात तशाच ठेवून मी सोफ्यावर बसले होते आणि आम्ही दोघी त्या छोट्या पडद्यावर डोकी टेकवून भांडत होतो. वर्धा सोडल्यापासून मला इतकं घरच्यासारखं वाटलं नव्हतं.

मग एकदा ऑफिसात मीटिंग झाली. बऱ्याच जणी शंभरीच्या पुढे गेम सोडून देतात असं दिसत होतं. लीडने फळ्यावर एका बाईचं चित्र लावलं, पदर खोचलेली, हातात झारा. खाली लिहिलं होतं: 'काकू, कॅज्युअल'. तो म्हणाला, "आपण हिच्यासाठी बनवतोय हे विसरायचं नाही. हिला चॅलेंज नकोय. हिला कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये मन रमवायचंय. सोपं करा."

मी ते टिपून घेतलं. शंभरच्या पुढच्या लेव्हल सोप्या झाल्या.

दोन दिवसांनी काकूंनी मला ताटावरून विचारलं, "काय गं, तुमच्याकडे सगळ्यांना एकदम ताप आलाय का? गेम पार बावळट झालाय."

मी म्हटलं, बायकांना अवघड आवडत नाही, असं ऑफिसात म्हणतात.

"कोण म्हणतं?"

"सगळे."

"त्यांनी विचारलं का कुणा बाईला?"

हे मी लीडला सांगितलं, जरा हसत हसत, आमच्या काकू अशा म्हणतात म्हणून. त्याला ते आवडलं. त्या महिन्यात काही बायकांना ऑफिसात बोलावून गेम खेळायला देणार होते. तो म्हणाला, "घेऊन ये की त्यांना."

काकूंनी त्या दिवशी ठेवणीतली जांभळी साडी नेसली. पर्समध्ये घडी घालून नवा कागद ठेवला, सगळ्या लेव्हलच्या चुकांचा, सुवाच्य अक्षरात. "तोंडी सांगितलं की लोक विसरतात," म्हणाल्या. रिक्षात त्यांनी मला दोनदा विचारलं, तिथे बसायला खुर्ची असेल ना, उजेड कसा आहे. मला वाटलं, घाबरल्यात.

एका खोलीत पाच बायका टॅबलेट घेऊन बसल्या होत्या. वर कॅमेरा होता. शेजारच्या खोलीत आम्ही मोठ्या पडद्यावर त्यांचे हात बघत होतो. लीड, मी, आणि गोळीबाराच्या टीममधली दोन मुलं, त्यांना बघायची हौस म्हणून आलेली. मुद्दाम एक जुनी, सोपी न केलेली लेव्हल ठेवली होती, गेममध्ये कधीच न घातलेली. ती खुद्द लीडलाही पहिल्या दिवशी सुटली नव्हती. चौघी जणींनी थोडा वेळ दोरे ओढले आणि चहाकडे वळल्या. काकूंचे हात पडद्यावर तसेच स्थिर होते. एक मुलगा म्हणाला, "काकू हँग झाल्या." सगळे हसले. मीही हसले.

मग हात हलले. अकरा चालींत गुंता सुटला. आम्ही स्वतः धरलेल्या कमीत कमी चाली तेरा होत्या.

मग दुसरा मुलगा म्हणाला, "हे पढवून आणलंय राव. हिच्याच घरमालकीण आहेत त्या."

लीड माझ्याकडे वळला. रागावला नव्हता, नुसतं विचारत होता. "तू दाखवलं होतंस का त्यांना? तसं असेल तर हा डेटा काढावा लागेल."

पुढच्या महिन्यात गोळीबाराच्या टीममध्ये एक जागा होणार होती. ती दोन्ही मुलं माझ्याकडे बघत होती. नाही म्हटलं असतं तर वाद झाला असता, सगळं पुन्हा मांडावं लागलं असतं, आणि मी त्या बायकांच्या बाजूची ठरले असते. हे सगळं त्या एका क्षणात मी खरोखर विचारात घेतलं की आता मागे वळून मी ते रचतेय, ते मला सांगता येत नाही. मी म्हणाले, "थोडंसं."

"वाटलंच," लीड म्हणाला आणि त्याने त्यांच्या नावापुढे रेघ मारली.

बाहेर जिन्याजवळ तो काकूंचे आभार मानायला आला. अगदी आदराने हात जोडले. "काकू, हिने छान शिकवलंय हं तुम्हाला. असंच खेळत राहा, मन रमतं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्याला म्हणाल्या, "हो. शिकवते ती."

पर्स त्यांनी उघडलीच नाही.

परतताना बंडगार्डनच्या पुलावर रिक्षा बराच वेळ अडकली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून ट्रॅफिकबद्दल बोलले. त्या बाहेर बघत होत्या. घरी आल्यावर त्यांनी साडीची घडी घातली, कुकर लावला, आणि मला हाक मारली, "जेवायला या. पान वाढलंय."

त्या 'या'ने मला जे झालं ते कुठल्याही शिवीने झालं नसतं.

त्यांच्या फोनवरून गेम गेला होता. मला गोळीबाराच्या टीममध्ये घेतलं. पहिल्या दिवशी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या आठवड्यात मला गेममधल्या एकुलत्या एका मुलीच्या पात्राचे कपडे तपासायला दिले. "तुला बरोबर कळेल," असंच म्हणाले. मी ते काम केलं.

तीनेक महिन्यांनी काकूंची मुलगी नाशिकहून आली. एका सकाळी काकू आंघोळीला गेल्या असताना तिने मला विचारलं, "आईचे डोळे कसे वाटतात तुम्हाला? घरात धडपडत नाही ना?"

मला काहीच माहीत नव्हतं. तिने सांगितलं, उजव्या डोळ्याचा मधला भाग केव्हाच गेलाय, डाव्यालाही सुरुवात झालीये. छापखाना त्यांनी वयामुळे सोडला नव्हता. एका पुस्तकात ओळीच्या ओळी चुकलेल्या तशाच छापून गेल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच मालकाला जाऊन सांगितलं होतं. "मागे फोनवर म्हणत होती," मुलगी म्हणाली, "एक दोऱ्यांचा खेळ मिळालाय, त्यात अजून सगळं नीट दिसतं मला. फार खूश होती. मग काय झालं कोण जाणे, बंदच केला. मी विचारलं तर म्हणाली, बास झालं."

मी ऑफिसला गेले नाही त्या दिवशी. मुलगी बाजारात गेल्यावर काकूंच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. जागा होणार होती ते, ती मुलं हसत होती ते, आणि मीही हसले होते ते. मला रडू यायला लागलं, आणि ते येऊ नये असं वाटत होतं, कारण रडण्याचा हक्क माझा नव्हता.

काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"त्या मुलांचं मला काही वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "ती मला ओळखत नव्हती. तुम्ही ओळखत होतात."

"मी उद्या जाऊन खरं सांगते, काकू."

"कशाला? आता मला ते दोरे दिसणार आहेत का?"

मी तरीही सांगितलं. लीडने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "इट्स ओके यार, एका माणसाने काय फरक पडतो." गेम तोवर इतका सोपा झाला होता की कुणीच खेळेनासं झालं, आणि वर्षभरात तो बंद केला. कारण असं दिलं की बायका फार दिवस टिकत नाहीत.

त्या पावसाळ्यानंतर मुलगी काकूंना कायमची नाशिकला घेऊन गेली. जाताना काकूंनी माझ्यासाठी मेतकुटाची बरणी भरून ठेवली होती आणि गिझरचं बटण कसं दाबून धरायचं ते पुन्हा एकदा सांगितलं. जिना उतरताना मी हात पुढे केला, तर त्यांनी कठडा धरला आणि पायऱ्या मोजत, एकेक करून, स्वतः उतरल्या.

पुढे मी विमाननगरला राहायला गेले. नोकरी बदलली, पण काम तेच आहे. गेल्या दिवाळीत नाशिकला फोन केला. मुलीने उचलला. आई गॅलरीत बसलीये म्हणाली, उजेड-अंधार कळतो, माणसं आवाजावरून ओळखते. "देऊ का तिला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, राहू दे, नंतर करते. त्याला आता चार महिने झाले.