धुऱ्यावरचा देव आणि ताटाएवढी उघडी जागा

मी देवभोळा नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुणाच्या अंगात आलं की तंबाखू मळत बाहेर जाऊन बसणारा माणूस मी. तेव्हा हे वाचून हसायचं तर खुशाल हसा, पण उत्तर सापडलं तर तेही लिहा... मला खरंच पाहिजे आहे.

गाव आमचं तेलंगणातल्या तलमडुगु मंडलातलं. माझं आणि चुलतभाऊ गंगाधरदादाचं कापसाचं वावर लागून आहे. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे हद्दीवर, शेंदूर लावलेला एक दगड — आमचा शेतातला देव. गुडघ्याएवढा, बुडाचा एक कोपरा तुटलेला. आजोबांनी वाटणी केली तेव्हा त्या देवालाच हद्द धरलं, मोजणी कधी केलीच नाही. देवाला कोण हलवणार?

मी हलवला. नऊ वर्षं झाली. सारं गाव एका लग्नाला गेलं होतं. भरदुपारी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन गेलो आणि देव दादाच्या वावरात चार तासं, म्हणजे कापसाच्या चार ओळी, आत सरकवला. काऊन? तर हाव. दुसरं कारण नाही. दादा काही बोलला नाही. त्याच्या ध्यानातच आलं नसेल, असं समजून मी मनातल्या मनात हसलोही.

आता गंमत पहा. त्याच वर्षीपासून माझ्या वावरात, दादाच्या बाजूला, ताटाएवढ्या जागेत काही उगवेना. कापूस सोडा, हराळीसुद्धा नाही! दर वर्षी नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरताना तिथं पुन्हा बी टोचलं, शेणखत टाकलं. माती तपासायला दिली, तर शेतकी ऑफिसातले साहेब तेलुगूत म्हणाले, "मट्टी बागुंदी." म्हणजे माती चांगली आहे. मग घोडं अडलं कुठं?

मागच्या वर्षी माझ्या बायकोच्या, रेखाच्या, पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली, रिपोर्ट यायचा होता. आदिलाबादच्या दवाखान्यात पडल्या पडल्या ती म्हणाली, "धुऱ्यावरच्या देवाले नारळ फोडून या. तुमी नाही मानत, ठाऊक हाय मले. माह्यासाठी फोडा."

तिला काही माहीत नव्हतं. मी गेलो. पोळा होऊन आठ दिवस झाले होते, कापूस कमरेला लागत होता. नारळ धरून देवापुढं उभा राहिलो आणि तोंडच उघडेना. ज्याला सब्बलनं उपटून चोरीच्या कामाला लावला, त्याच्याकडं रेखाचा जीव कोणत्या तोंडानं मागू? रडलो — चक्क रडलो. "देवा, चुकलो," एवढंच निघालं.

नारळ तसाच ठेवून मी पलीकडे गवत काढणाऱ्या दादाकडं गेलो. "दादा, तो देव म्या सरकवला होता."

त्यानं विळा खाली ठेवला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "चाल, सब्बल आन."

दोघांनी देव उचलून आणला. पण ठेवायचा कुठं? इतक्या वर्षांच्या वाही-नांगरटीत नक्की जागा मला आठवेना. दादा म्हणाला, "हे उघडी जागा तर हाय. इथंच ठेव."

ठेवला. दोन बोटं फिरवला आणि... बसला! तुटलेल्या कोपऱ्यासकट. त्या उघड्या जागेचाही एक कोपरा कमी होता, बरोबर तेवढ्यातच हराळी आलेली. दगड आणि गवत यांच्यामध्ये करंगळी जाईना.

मी दादावरच संशय घेतला. "खरं सांग, मीठ-बीठ टाकत होता का तू इथं?"

"लेका, आठ वर्षं तुह्या वावरात पाय नाही टाकला म्या."

रिपोर्ट चांगला आला. गाठ तर आधीच तपासायला गेली होती, म्हणून मी त्याचा संबंध लावत नाही. रेखा लावते, आणि मी वाद घालत नाही. येता-जाता त्या देवाला हात मात्र जोडतो. त्या जागेचं कोडं अजून सुटलेलं नाही.

आणि दादाचं तर त्याहून नाही. त्या दिवशी नारळ सोलत बसला होता तेव्हा मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. माह्या वावरातली तासं मले ठाऊक नाहीत का?"

"मंग बोलला काऊन नाही?"

तो नारळाची शेंडी उपटत म्हणाला, "म्हटलं, देव सोताहून माह्याकडं सरकून राह्यला. त्याले काय परत जाय म्हणू?"