बंद केलेलं अँटिव्हायरस

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बोलतानाही ओठांत स्क्रू धरलेला असतो. फुकटातलं कुठलं अँटिव्हायरस भरवशाचं, असं मी विचारलं तर म्हणाला, "विंडोजमधलंच ठेव रे. फक्त बंद करू नको." गिऱ्हाइकांचं मात्र तो स्वतःच बंद करतो, कारण त्याशिवाय त्याचं चोरीचं सॉफ्टवेअर चालत नाही.

परवा शेणव्याहून एक बाई आल्या. त्यांचंही त्याने मागे माझ्यासमोरच बंद केलं होतं. आता त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचे सगळे फोटो व्हायरसने कुलूपबंद केले होते.

"एकपण उघडत नाय, भाऊ."

"तुमीच कायतरी नको ते दाबलं असंल, वहिनी."

बाईंनी मान खाली घातली. "हां, माझंच चुकलं असंल."

खरं काय ते दुकानात आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्याने ओठांत दुसरा स्क्रू धरला, मी बाहेर स्टँडकडे पाहू लागलो.