दोन खाचांचा लॅपटॉप आणि दाभाडेंची सही

इंद्रजीत दाभाडे यांनी एकदा कॉलेजच्या मागच्या मैदानात एक मोडका बाक पेटवला होता. डोकं फिरलं म्हणून नाही. आग विझवायची नवी नळकांडी आली होती, आणि त्यांच्यासोबतच्या कागदावर छापलेलं होतं: 'वस्तू तपासून घेतली, कामास योग्य आहे.' त्याखाली कॉलेजचे भांडारपाल म्हणून दाभाडेंना सही करायची होती. आता आग विझवणं हेच ज्याचं काम, ते आग लावल्याशिवाय तपासायचं कसं, असा त्यांचा साधा प्रश्न होता. जमलेल्या प्राध्यापकांपैकी कोणाला उत्तर देता आलं नाही, कारण सगळे खोकत होते. नळकांडं पास झालं. बाकाबद्दल विचाराल, तर तो निकामी ठरवल्याचा कागद दाभाडेंनी आदल्याच दिवशी मंजूर करून घेतला होता.

बत्तीस वर्षं हा माणूस असाच वागत आला. बादली आली की पाणी येण्याच्या दिवसाची वाट बघायची, आणि आमच्या शहरात ती वाट आठवडाभरही बघावी लागते. बादली भरून रात्रभर नाही, पण कॉलेज सुटेपर्यंत ठेवायची, खालची फरशी हातानं चाचपायची, मग सही. खुर्ची आली की कॉलेजमधले सगळ्यात वजनदार गृहस्थ, म्हणजे भूगोलाचे विभागप्रमुख, यांना मानानं बोलावून बसवायचं. सरांना बरीच वर्षं वाटायचं की हा आपला सत्कार आहे.

लोक हसायचे. दाभाडे हसू द्यायचे. सही म्हटलं की त्यांच्या घरात एक जुनी गोष्ट निघते, ती त्यांनी कॉलेजात फारशी कोणाला सांगितली नव्हती. त्यांचे वडील सखाराम एका गोदामावर पहारेकरी होते. दर वर्षी गोदामाचा कारकून एक कागद पुढं करायचा, सखाराम अंगठा उठवायचे. तीन वर्षांनी कळलं, त्या कागदावर लिहिलं होतं, 'रेनकोट एक, बूट एक जोड, मिळाले.' तीन पावसाळे सखारामांच्या अंगठ्यावर रेनकोट निघाले आणि सखाराम पोतं डोक्यावर घेऊन पहारा देत राहिले. त्यानंतर त्यांची बायको पारूबाई विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसली आणि चाळिसाव्या वर्षी सही शिकली. आज ऐंशीच्या घरात आहे. लेकाला नोकरी लागली त्या दिवशी तिनं पेढा हातात घेतला, तोंडात घालायच्या आधी एवढंच सांगितलं, "वाचल्याबिगर सही करू नगंस. सही म्हंजी आपलं तोंड हाय, बाबा. कागदावर राहतंय ते."

तर अशा या माणसाच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना कॉलेजात चोवीस लॅपटॉप आले.

आणले प्राचार्य डॉ. मिहिर देऊळगावकर यांनी. देऊळगावकर याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. रसायनशास्त्राच्या फुटतुटीच्या वहीत आजही 'देऊळगावकर, रोल नंबर त्रेचाळीस, ब्युरेट एक' अशी नोंद दाभाडेंच्या अक्षरात सापडते. माणूस उत्साही, कामसू, आणि नव्या वस्तूवर लहान मुलासारखा जीव टाकणारा. पुण्याला कुठल्याशा परिषदेत सगळ्यांच्या पुढ्यात त्यांना हे सडपातळ लॅपटॉप दिसले आणि ते प्रेमात पडले. करड्या रंगाचा, वहीएवढा जाड, म्हणजे शंभर पानी नाही, चाळीस पानी वहीएवढा. एका बोटावर तोलून त्यांनी तो दाभाडेंना दाखवला. शनिवारी संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते वाटप ठरलं होतं, पत्रिकाही छापून झाल्या होत्या. राहिली होती फक्त दाभाडेंची सही.

ती झाली की माल कॉलेजचा. न झाल्यास दहा दिवसांच्या आत परत करून दुसरा घेता येणार होता, अशी करारात ओळ होती. ही ओळ कॉलेजात एकट्या दाभाडेंनी वाचली होती, हे वेगळं सांगायला नको. सही केली, की पुढची सहा-सात वर्षं कॉलेजच्या नशिबी हेच चोवीस लॅपटॉप.

दाभाडेंनी चष्मा चढवून लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवला. डाव्या अंगाला दोन बारीक खाचा. उजवीकडं हेडफोनचं एक छिद्र. मागं काही नाही. पुढं काही नाही. त्यांनी तो उलटा करूनही पाहिला, बिचाऱ्याला कुठं काही लपवायला जागाच नव्हती.

"चार्जर कुठं लावायचा, सर?"

"या दोन्हीपैकी कुठंही. हीच तर गंमत आहे, काका."

"म्हणजे कामाला एक राहिली."

प्राचार्यांनी समजावलं की आता खाचांचा जमाना गेला, सगळं हवेतून जातं, जगभर हेच चाललंय. दाभाडेंनी मान हलवली आणि एक लॅपटॉप काखेत मारून ते निघाले. जगभराचं त्यांना ठाऊक नव्हतं, पण या इमारतीचे तीन मजले त्यांना पाठ होते.

पहिला मुक्काम परीक्षा विभाग. तिथं रत्नमालाताईंचं राज्य. टेबलावर बारा वर्षांचा प्रिंटर, जो त्यांच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही आणि हवेतलं तर काहीच ऐकत नाही. त्याला जाड वायर लागते. शिष्यवृत्तीचे अर्ज पुढं पाठवायला डिजिटल सहीची अंगठ्याएवढी किल्ली लागते, ती लॅपटॉपला टोचल्याशिवाय अर्ज हलत नाही. एक माउस. शिवाय पोरं पेन ड्राइव्हवर प्रकल्प घेऊन दारात उभी असतात, ती वेगळीच. दाभाडेंनी प्रिंटरची वायर खाचेपाशी नेली. वायरचं तोंड चौकोनी आणि चांगलं रुंद, खाच म्हणजे ज्वारीचा दाणा. किल्लीचंही तेच, माउसचंही तेच.  रत्नमालाताई म्हणाल्या की याला उपाशी ठेवायची सोय फार छान केलीय, तोंडच बारीक ठेवलंय.

ग्रंथालयात पुस्तकांचे पट्टे वाचणारं यंत्र, तेही रुंद तोंडाचं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्लता मोजणारं उपकरण, तेही तसंच. सभागृहातला प्रोजेक्टर निळ्या, पंधरा पिनांच्या प्लगचा, दोन्ही बाजूंनी स्क्रू पिळावे लागतात असा. त्याला हा लॅपटॉप दाखवणं म्हणजे भोपळ्यापुढं मुंगी ठेवण्यासारखं होतं.

मग दाभाडे इंग्रजीच्या चारुता मॅडमकडं गेले, आणि इथं त्यांचा न्याय बघा. मॅडम सकाळी कॉलेजात शिकवतात, दुपारी स्कूटरवरून वाळूजला कंपनीतल्या कामगारांचा इंग्रजीचा वर्ग घेतात. त्यांचं सगळं लिहिणं-वाचणं खरोखरच हवेतून चालतं. प्रिंटरचं तोंड त्यांनी वर्षात पाहिलेलं नाही. जुन्या लॅपटॉपच्या ओझ्यानं मात्र उजवा खांदा धरलेला. दाभाडेंनी लॅपटॉप पिशवीत घालून तिसरा मजला तीनदा चढून पाहिला आणि खाली येऊन वहीत लिहिलं, 'चारुता मॅडम : पास. उत्तम.' अशी माणसं त्यांना कॉलेजभर शोधून सहा सापडली. अठरा नापास.

शुक्रवारी दुपारी प्राचार्यांनी त्यांना परीक्षा विभागातच गाठलं. ते तयारीनं आले होते. खिशातून त्यांनी एक चपटी डबी काढली. एका बाजूला शेपटी, अंगावर पाच-सहा खाचा, रुंद, अरुंद, सगळ्या जातीच्या. 'हब' म्हणतात त्याला. शेपटी लॅपटॉपमध्ये घातली, प्रिंटर, किल्ली आणि माउस डबीला जोडले. प्रिंटर एकदा खाकरला आणि त्यानं कागद बाहेर टाकला. किल्लीचा दिवा लागला. सगळं चाललं. प्राचार्यांनी विजयी वीराच्या नजरेनं दाभाडेंकडं पाहिलं, आणि खरं सांगायचं तर रत्नमालाताईंचाही चेहरा पडला.

सभागृहातही तेच झालं. प्रोजेक्टरची वायर डबीला लागली, पडद्यावर चित्र उमटलं. फक्त ती वायर इतकी जाड आणि ताठ, की वजनानं खाली ओघळताना तिनं डबीला ओढलं, डबीनं लॅपटॉपला ओढलं, आणि दांडगं वासरू पोराला फरफटत न्यावं तसा तो लॅपटॉप टेबलाच्या कडेकडं निघाला. प्राचार्यांनी झडप घालून धरला. पण चित्र हललं नाही, हे मान्य करायला हवं.

"आता काय अडचण आहे, काका? चाललं ना?"

दाभाडेंनी डबी हातात घेतली. कोमट झाली होती. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली.

"ही कोणाची, सर?"

"माझी स्वतःची."

"संध्याकाळी घरी नेणार?"

"अर्थात."

"मग ती मालात नाही. मी सही मालाची करतो."

प्राचार्य म्हणाले की पुढंमागं चोवीस डब्या घेता येतील. दाभाडे म्हणाले, जरूर घ्याव्यात, आल्या की तपासतो. पण रत्नमालाताईंनी रोज सकाळी आधी लॅपटॉप काढायचा, मग डबी शोधायची, ती दुसऱ्यानं नेली असली तर तिन्ही मजले हिंडायचं, आणि हे सगळं लॅपटॉप बारीक राहावा म्हणून. तो टेबलावरून आयुष्यात हलणार नसताना. ताईंचं टेबल कुठं वाळूजला जात नाही. कंबर त्याची बारीक आणि पोट पिशवीत वेगळं, हा हिशोब त्यांना पटत नव्हता.

आता प्राचार्यांचा आवाज चढला. पत्रिका गेल्यात, अध्यक्ष येणार आहेत, आणि एका सहीसाठी सगळं कॉलेज अडून बसलंय. बोलता बोलता ते म्हणाले, अर्धं हसत, अर्धं नाही, की दाभाडेंच्या पेन्शनचे कागदही त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडलेत.

 दाभाडेंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"त्यावरही वाचूनच सही करा, सर. नावात सखाराम आलंय का, तेवढं बघा. मागं एकदा गाळलं होतं."

मग त्यांनी कागद टेबलावर पसरला. 'कामास योग्य आहे' या छापील ओळीच्या वर, स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं: 'चोवीसपैकी सहा, सोबतच्या यादीतील व्यक्तींच्या कामास योग्य. उरलेले अठरा, ज्यांना प्रिंटर, डिजिटल सहीची किल्ली, प्रोजेक्टर इत्यादी रोज जोडावे लागतात त्यांच्या कामास अयोग्य. वस्तूत बिघाड नाही. वस्तू चुकीच्या टेबलावर आली आहे.' खाली सही, इं. स. दाभाडे, तारीख, वेळसुद्धा.

"खाली तुमचाही रकाना आहे, सर," ते म्हणाले. "माझं मत बाजूला ठेवून तुम्ही सगळे चोवीस घेऊ शकता. नियम आहे तसा."

प्राचार्यांनी झटक्यात पेन काढलं. टोपण उघडलं. रत्नमालाताई मागोमाग आल्या होत्या. हातात प्रिंटरची वायर तशीच होती, अंगणातलं जनावर दावं तोडून पळालं की बाई दावं घेऊन उभी राहते तशा त्या उभ्या होत्या. प्राचार्यांचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. प्राचार्यपदाच्या चार वर्षांत अशा शेकडो कागदांवर त्यांनी सही केली होती, दाभाडेंची सही वर दिसली की डोळे मिटून. आज ती आधाराला नव्हती, म्हणून त्यांनी पहिल्यांदा आपल्या रकान्यातली ओळ वाचली.

"'स्वतः तपासून घेतली' असं लिहिलंय इथं?"

"पहिल्यापासून आहे, सर."

 प्राचार्यांनी रत्नमालाताईंच्या हातातली वायर घेतली, डबीशिवाय, आणि तिचं रुंद तोंड स्वतः त्या ज्वारीच्या दाण्यापाशी नेऊन पाहिलं. एकदा सरळ, एकदा उलटं. ब्युरेट फुटली होती तेव्हाही त्यांचा चेहरा असाच झाला होता, असं दाभाडे नंतर सांगत. पेनाचं टोपण बंद झालं. करारातली ती दहा दिवसांची ओळ कुठं आहे, एवढंच त्यांनी विचारलं. दाभाडेंनी पान काढूनच ठेवलं होतं.

शनिवारी अध्यक्षांच्या हस्ते सहा लॅपटॉप वाटले गेले. अध्यक्षांना चोवीस आणि सहा यांतला फरक कळला नाही, हार एकच होता. तीन आठवड्यांनी अठरा जाडजूड, काळे, चांगल्या खात्यापित्या घरचे लॅपटॉप आले. दोन्ही अंगांना मिळून सात खाचा. दाभाडेंनी त्यांतला एक रत्नमालाताईंच्या टेबलावर ठेवून प्रिंटर, किल्ली, माउस, पेन ड्राइव्ह, चार्जर, सगळं एकाच वेळी जोडलं. घाटी दवाखान्यातल्या खाटेवरच्या पेशंटसारखा तो दिसत होता, पण तब्येत ठणठणीत. तेव्हा कुठं सही झाली. तो उचलून पाहिल्यावर चारुता मॅडम म्हणाल्या, नको गं बाई, माझा खांदा. दाभाडेंना तेही पटलं.

महिनाअखेरीला निरोपसमारंभ झाला. पेन्शनचे कागद आदल्याच दिवशी निघाले होते, नावात सखाराम होतं. पहिल्या रांगेत पारूबाई निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून बसल्या होत्या. प्राचार्यांनी भाषणात ब्युरेटची गोष्ट स्वतःच सांगितली. मग त्यांनी कागदात गुंडाळलेली भेट दिली, आणि वर चेहरा गंभीर ठेवून एक टंकलिखित कागद पुढं केला: 'भेटवस्तू तपासून घेतली, कामास योग्य आहे.' सगळं सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, फोटोवाला पुढं आला.

दाभाडे हसले नाहीत. त्यांनी स्टेजवरच कागद सोडवला. भिंतीवरचं घड्याळ होतं. त्यांनी सेल बसवला, कानाला लावलं, हातातल्या घड्याळाशी काटे जुळवले.

"कर की सही, समदे थांबल्यात," पारूबाई खालून म्हणाल्या.

"उद्या करतो, आई. घड्याळ आहे, एक दिवस तरी चालू दे."

पारूबाईंनी मान डोलावली आणि हातानंच फोटोवाल्याला खाली बसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बरोबर पावणेपाचला, सेल बसवल्याला चोवीस तास होताच, निवृत्त इंद्रजीत दाभाडे घड्याळ काखेत घेऊन भावसिंगपुऱ्याहून कॉलेजात हजर झाले. दोन मिनिटं मागं पडलं होतं.

त्यांनी सही केली नाही.